डीटीएमपी म्हणजे काय? डीएनएमधल्या ‘टी’ची रचना, नाव आणि काम

डीएनए हा ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, हे आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलंय. पण यातलं ‘टी’ म्हणजे नेमका कोणता पदार्थ, असं विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी थायमीन म्हणतं, कुणी थायमिडीन, कुणी थायमिडिलिक ॲसिड. पुस्तकात टीएमपी लिहिलेलं असतं आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीवर डीटीएमपी.

ही सगळी एकाच पदार्थाची नावं आहेत का? काही आहेत, काही नाहीत. आज आपण हा गुंता सोडवूया. रसायनशास्त्रातली नावं पाठ करायची नसतात, ती वाचायची असतात. नाव नीट वाचता आलं की रेणू आपोआप डोळ्यांसमोर येतो. फक्त या एका नावात एक शब्द लपवलेला आहे. तो का लपवलाय हे कळलं, की डीएनएबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट कळते.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव: थायमिडीन ५′-मोनोफॉस्फेट
- इतर नावं: डीऑक्सिथायमिडीन मोनोफॉस्फेट, थायमिडिलिक ॲसिड, थायमिडिलेट
- लघुरूपं: डीटीएमपी, टीएमपी
- प्रकार: पिरिमिडीन गटातला न्यूक्लिओटाइड
- अणू: कार्बन १०, हायड्रोजन १५, नायट्रोजन २, ऑक्सिजन ८, फॉस्फरस १
- रेणूभार: सुमारे ३२२.२
- सीएएस क्रमांक: ३६५-०७-१
- कुठे सापडतो: डीएनएच्या साखळीत, आणि ती बनण्याआधी पेशीत सुटा

आधी तीन शब्द समजून घ्या

पुढचा सगळा लेख या तीन शब्दांवर उभा आहे.

१. बेस: नायट्रोजन असलेलं वलय. आपल्या बाबतीत थायमीन. रेणूभार १२६.१.
२. न्यूक्लिओसाइड: बेस अधिक साखर. आपल्या बाबतीत थायमिडीन. रेणूभार २४२.२.
३. न्यूक्लिओटाइड: बेस अधिक साखर अधिक फॉस्फेट. हाच आपला डीटीएमपी. रेणूभार ३२२.२.

‘साइड’ आणि ‘टाइड’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात एका फॉस्फेट गटाचा फरक आहे. परीक्षेत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लक्षात ठेवायला सोपं: ‘टाइड’ म्हटलं की फॉस्फेट आलाच.

रेणूची रचना: तीन तुकडे

पहिला तुकडा, थायमीन. हे सहा अणूंचं वलय आहे, त्यात चार कार्बन आणि दोन नायट्रोजन. अणूंना १ ते ६ असे क्रमांक दिलेले असतात. क्रमांक २ आणि ४ वर ऑक्सिजन लागलेला असतो आणि क्रमांक ५ वर एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. हा मिथाइल गट काढून टाकला तर उरतं ते युरासिल, आरएनएमधलं ‘यू’ अक्षर. म्हणूनच थायमीनचं दुसरं नाव आहे ५-मिथाइलयुरासिल. हा क्रमांक ५ डोक्यात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

दुसरा तुकडा, साखर. ही पाच कार्बनची डीऑक्सिरायबोज. साखरेच्या कार्बनलाही १ ते ५ क्रमांक द्यायचे असतात, पण मग बेसच्या क्रमांकांशी घोळ होईल. म्हणून साखरेच्या क्रमांकावर एक छोटी तिरकी रेघ देतात: १′, २′, ३′, ४′, ५′. वाचताना ‘एक प्राइम’, ‘दोन प्राइम’ असं वाचायचं. बेसचा क्रमांक १ चा नायट्रोजन साखरेच्या १′ कार्बनला जोडलेला असतो.

‘डीऑक्सि’ म्हणजे ऑक्सिजन काढलेला. कुठून काढलेला? २′ वरून. साध्या रायबोजमध्ये २′ वर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, डीऑक्सिरायबोजमध्ये तिथे नुसता हायड्रोजन असतो. फिबस लेव्हिन या शास्त्रज्ञाने रायबोज १९०९ मध्ये ओळखली आणि डीऑक्सिरायबोज १९२९ मध्ये. एका ऑक्सिजनचा फरक पक्का व्हायला मध्ये वीस वर्षं गेली.

तिसरा तुकडा, फॉस्फेट. हा साखरेच्या ५′ कार्बनवर बसतो, म्हणून नावात ‘५′-मोनोफॉस्फेट’. डीएनएची साखळी बनताना एका न्यूक्लिओटाइडचा ३′ वरचा ऑक्सिजन पुढच्याच्या ५′ फॉस्फेटला जोडला जातो. साखळीला ‘५′ टोक’ आणि ‘३′ टोक’ म्हणतात ते याच क्रमांकांवरून.

नाव कसं तयार होतं?

थायमीन हे नाव थायमस ग्रंथीवरून आलं. १८९३ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल आणि आल्बर्ट नॉयमान यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून हा पदार्थ वेगळा काढला. ही ग्रंथी पेशींनी गच्च भरलेली असते, त्यामुळे तिच्यातून डीएनए भरपूर मिळतो. पेशीतल्या प्रथिनांवरच्या आणि न्यूक्लिइक आम्लांवरच्या कामासाठी कोसेल यांना १९१० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता डीएनएमधले चारही न्यूक्लिओसाइड शेजारी ठेवून बघा:

- ॲडेनीनपासून: डीऑक्सिॲडेनोसिन
- ग्वानीनपासून: डीऑक्सिग्वानोसिन
- सायटोसीनपासून: डीऑक्सिसायटिडीन
- थायमीनपासून: थायमिडीन

पहिल्या तिघांना ‘डीऑक्सि’ लागलाय, चौथ्याला नाही. पण साखर चौघांतही तीच, डीऑक्सिरायबोज. मग थायमिडीनचा ‘डीऑक्सि’ गेला कुठे?

कारण साधं आहे. ॲडेनीन, ग्वानीन आणि सायटोसीन हे तिघे डीएनएतही असतात आणि आरएनएतही. त्यामुळे साखर कोणती ते प्रत्येक वेळी सांगावं लागतं. थायमीन मात्र डीएनएतच सापडलं. आरएनएत त्याच्या जागी युरासिल. मग थायमीनसोबत साखर कोणती हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटलीच नाही. गावात एकच पाटील असेल तर ‘कोणते पाटील’ असं कुणी विचारत नाही, तसंच हे.

पुढे दुसरे पाटील निघाले. पेशीत अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या ट्रान्सफर आरएनएत थायमीन रायबोज साखरेला जोडलेलं आढळलं. तोपर्यंत ‘थायमिडीन’ हे नाव रुळलं होतं. म्हणून नव्या पदार्थालाच वेगळं नाव द्यावं लागलं: रायबोथायमिडीन, किंवा ५-मिथाइलयुरिडीन.

म्हणजे टीएमपी आणि डीटीएमपी ही एकाच पदार्थाची नावं आहेत. ‘डी’ लिहिला तर साखर उघड सांगितली, नाही लिहिला तर गृहीत धरली. पण हा नियम फक्त ‘टी’पुरता आहे. एएमपी आणि डीएएमपी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. सीएमपी आणि डीसीएमपी हेही वेगळे. तिथे ‘डी’ गाळला तर डीएनएऐवजी आरएनएचा घटक मागवला जाईल.

‘ॲसिड’ की ‘एट’? थायमिडिलिक ॲसिड आणि थायमिडिलेट यांत फरक एवढाच, की पहिल्यात फॉस्फेटचे हायड्रोजन जागेवर आहेत आणि दुसऱ्यात ते सुटलेत. पेशीतल्या उदासीन पाण्यात ते बहुतांश सुटलेलेच असतात आणि फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘थायमिडिलेट’ जास्त दिसतं.

मोनो, डाय, ट्राय. एक फॉस्फेट असेल तर डीटीएमपी, दोन असतील तर डीटीडीपी, तीन असतील तर डीटीटीपी. डीएनए पॉलिमरेज हे विकर कच्चा माल म्हणून डीटीटीपी घेतं. जोडणी करताना दोन फॉस्फेट निघून जातात, त्यातूनच जोडणीला ऊर्जा मिळते. साखळीत उरतो तो एकच फॉस्फेट. म्हणजे आत जाताना ट्राय, बसल्यावर मोनो.

हे नाव कुठे फसवतं?

१. टीएमपी हे औषधसुद्धा आहे. ट्रायमेथोप्रिम या जिवाणूनाशक औषधाचं लघुरूपही टीएमपीच. वैद्यकीय लेखात ‘टीएमपी-एसएमएक्स’ दिसलं तर ते ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्सझोल यांचं मिश्रण आहे, डीएनएचा घटक नाही.

२. थायमीन आणि थायामिन. थायामिन म्हणजे जीवनसत्त्व बी१. मराठीत दोन्ही शब्द बऱ्याचदा ‘थायमिन’ असेच छापले जातात, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. थायामिनमध्ये तर गंधक असतं, थायमीनमध्ये गंधकाचा एकही अणू नाही. गंमत म्हणजे थायामिन मोनोफॉस्फेटचं लघुरूपही टीएमपीच होतं!

३. बाटलीतलं मीठ. डीटीएमपी बहुतेक वेळा शुद्ध आम्ल म्हणून नाही, तर डायसोडियम मीठ म्हणून विकला जातो. त्यात दोन हायड्रोजनच्या जागी दोन सोडियम असतात आणि रेणूभार ३६६.२ होतो. समजा तुम्हाला १० मिलिलिटर पाण्यात १० मिलिमोलर द्रावण करायचंय. आम्लरूप असेल तर ३२.२ मिलिग्रॅम लागेल, डायसोडियम मीठ असेल तर ३६.६ मिलिग्रॅम. मीठ घेऊन आम्लाचं वजन केलंत तर द्रावण फक्त ८.८ मिलिमोलर होईल, म्हणजे १२ टक्के कमी. प्रयोग फसतो आणि कारण सापडत नाही. बाटलीतल्या पदार्थात पाण्याचे रेणूही अडकलेले असू शकतात, तेव्हा लेबलवरचा रेणूभारच धरा. मागवताना लघुरूपावर न थांबता पूर्ण नाव आणि सीएएस क्रमांक तपासा. मिठाचा क्रमांक आम्लाच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो.

डीएनएत ‘यू’ का नाही, ‘टी’च का?

युरासिल आणि थायमीन दोघंही ॲडेनीनशी दोन हायड्रोजन बंधांनी जोडी जमवतात. आरएनएचं काम युरासिलवर छान भागतं. मग डीएनएने मिथाइल गटाचा जादा खर्च कशासाठी करायचा?

याचं उत्तर सायटोसीनमध्ये आहे. सायटोसीन पाण्यात हळूहळू आपणहून बिघडतं. त्याच्या क्रमांक ४ वरचा अमिनो गट निघून तिथे ऑक्सिजन येतो आणि तयार होतं युरासिल! आपल्या एकेका पेशीत असं रोज शंभराहून अधिक वेळा होतं. डीएनएत मुळातच युरासिल असतं तर खरं ‘यू’ कोणतं आणि बिघडलेलं ‘सी’ कोणतं हे ओळखायला मार्ग नव्हता. खऱ्या अक्षरावर मिथाइलची खूण असल्यामुळे नियम सोपा होतो: डीएनएत बिनखुणेचं युरासिल दिसलं की ती चूक, काढून टाका. हे काम करणारं विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधलं. डीएनए दुरुस्तीवरच्या संशोधनासाठी त्यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

थायमिडीन डीएनएतच जातं याचा प्रयोगशाळेतही फायदा झाला. १९५७ मध्ये टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं थायमिडीन एका घेवड्याच्या मुळांना दिलं. खूण फक्त नव्या डीएनएला लागली. त्यावरून गुणसूत्राची नक्कल होताना जुना डीएनए दोन्ही प्रतींत वाटला जातो, हे डोळ्यांनी दिसलं.

शरीर डीटीएमपी कसं बनवतं?

पेशी आधी डीयूएमपी बनवते, म्हणजे डीऑक्सिरायबोजला जोडलेलं युरासिल आणि एक फॉस्फेट. मग थायमिडिलेट सिंथेज हे विकर त्याच्या क्रमांक ५ वर मिथाइल गट बसवतं. झाला डीटीएमपी.

हा एक कार्बन येतो फोलेटकडून, म्हणजे जीवनसत्त्व बी९ कडून. फोलेट कार्बन देऊन टाकतं आणि डायहायड्रोफोलेट बनतं. ते पुन्हा कामाला लावायला डीएचएफआर नावाचं दुसरं विकर लागतं. म्हणजे चक्र असं: कार्बन घ्या, डीयूएमपीला द्या, परत तयार व्हा. यातली एक कडी तुटली तरी ‘टी’चा पुरवठा आटतो.

पुरवठा आटला की काय होतं, याची एक ठळक गोष्ट मुंबईत घडली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरोदर बायकांमध्ये, त्यातही गिरणी कामगार बायकांमध्ये, एक गंभीर रक्तक्षय दिसत होता. त्यात लाल रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळलं, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा आजार बरा होतो. हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जायचा. तोच पुढे फोलेट निघाला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं.

पेशी मोठ्या का होतात? फोलेट नसेल तर डीटीएमपी कमी पडतो आणि डीएनएची नक्कल अडते. पण आरएनए आणि प्रथिनं बनतच राहतात. मग अस्थिमज्जेतली पेशी फुगत जाते, पण तिला वेळेवर विभागता येत नाही. शिवाय ‘टी’च्या जागी युरासिल बसायला लागतं. दुरुस्तीचं विकर ते काढतं, भरायला पुन्हा युरासिलच मिळतं आणि असं होता होता डीएनए तुटतो.

औषधं याच पायरीवर का मारा करतात?

कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, म्हणजे त्यांना ‘टी’ सतत लागतो. तिथेच कोंडी केली तर?

- मेथोट्रेक्सेट डीएचएफआर बंद पाडतं. त्याचा थोरला भाऊ ॲमिनोप्टेरिन. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या गटाने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि नंतर त्याच्यासारखेच दिसणारे, पण काम अडवणारे पदार्थही. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ॲमिनोप्टेरिनने ल्युकेमिया झालेल्या मुलांत आजार तात्पुरता माघार घेतो हे दाखवलं.
- ५-फ्लुरोयुरासिल चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये पुढे आणलं. नाव वाचा: क्रमांक ५ वर फ्लोरिन. मिथाइल बसवताना विकराला तिथला हायड्रोजन काढावा लागतो. त्या जागी फ्लोरिन असेल तर तो निघत नाही आणि विकर तिथेच अडकून बसतं.
- ट्रायमेथोप्रिम, तोच दुसरा टीएमपी, जिवाणूंचं डीएचएफआर अडवतो. म्हणजे एक टीएमपी दुसऱ्या टीएमपीचा पुरवठा तोडतो!
- एझेडटी किंवा झिडोव्ह्यूडीन हे एचआयव्हीवरचं औषध. नावात ३′-अझिडो-३′-डीऑक्सिथायमिडीन असं येतं. ३′ वर अझिडो गट असल्यामुळे पुढचा न्यूक्लिओटाइड जोडायला जागाच नाही, साखळी तिथेच संपते. नावात ‘डीऑक्सि’ फक्त ३′ साठी आलाय. २′ चा ‘डीऑक्सि’ थायमिडीनमध्येच लपलेला आहे. आता हे तुम्हाला वाचता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डीटीएमपी आणि टीएमपी वेगळे आहेत का?
न्यूक्लिओटाइडबद्दल बोलत असाल तर नाही. पण शंका येऊ नये म्हणून ‘डी’ लिहिणं केव्हाही चांगलं.

डीयूएमपी आणि यूएमपी?
हे वेगळे. डीयूएमपीत डीऑक्सिरायबोज, यूएमपीत रायबोज.

डीटीएमपी आहारातून घ्यावा लागतो का?
नाही. पेशी तो स्वतः बनवते, आणि जुन्या डीएनएतून सुटलेलं थायमिडीन पुन्हा वापरतेही. बाहेरून लागतं ते फोलेट: पालेभाज्या, कडधान्यं.

मोठ्या लाल पेशींचा रक्तक्षय म्हणजे फोलेटचीच कमतरता का?
नाही. बी१२ कमी असेल तर फोलेट चक्रात एका जागी अडकून राहतं आणि रक्ताचं चित्र तसंच दिसतं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळीने रक्त सुधारतं, पण बी१२ अभावी नसांना होणारी इजा चालूच राहते. म्हणून तपासणी न करता स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

शेवटी एवढंच लक्षात ठेवा

थायमीन हा बेस, थायमिडीन हा न्यूक्लिओसाइड, थायमिडीन मोनोफॉस्फेट हा न्यूक्लिओटाइड. क्रमांक ५ वरचा मिथाइल त्याला युरासिलपासून वेगळा करतो, आणि तो बसवायला फोलेट लागतं. नावात न लिहिलेला ‘डीऑक्सि’ सांगतो, की हे अक्षर मुळात डीएनएचंच. पुढच्या वेळी कुठे टीएमपी दिसलं, तर आधी विचारा: कोणता टीएमपी?